मुंगूसरावांचा तिसरा दिवस

मुलांनो, आधी एक सांगा. नारळ आतून गोड आहे की खवट, हे तुम्ही कुणाला विचाराल? जो छातीठोक सांगतो त्याला, की जो म्हणतो, "मला तरी बरा वाटतोय, खराब निघाला तर परत आणा," त्याला?

घाई नको. मी चाळीस वर्षं नारळ विकले. कानाशी धरायचा, हलवायचा, आतलं पाणी काय बोलतंय ते ऐकायचं. शाळेत हे शिकवत नाहीत. खराब निघालेला नारळ गिऱ्हाइकं दुकानात आणून आपटायची, त्यातून मी शिकलो. आता गोष्ट ऐका, मग उत्तर द्या.

एका जंगलात कायदा झाला की प्रत्येक अंड्याची तिसऱ्या दिवशी तपासणी व्हायलाच पाहिजे. आत पिल्लू धड आहे की नाही, ते आधीच कळलेलं बरं. कायदा वाईट नव्हता. प्रश्न होता तपासनीस कुणाला नेमायचं. सभेत हत्तीअण्णा म्हणाले, "अंड्याच्या आतलं ज्याने सगळ्यात जास्त पाहिलंय, त्यालाच नेमा."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मुंगूसरावांना नेमलं.

हसू नका. आमच्या बाजार समितीने एकदा गुळावर देखरेख करायला मुंगळा बसवला असता, पण त्याचा अर्ज उशिरा आला.

मुंगूसरावांनी वडाच्या ढोलीत थाट मांडला. ढोलीला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप यायची. त्या तिरिपेत अंडं धरायचं, एक डोळा मिटायचा आणि सुस्कारा टाकायचा.

"डाग आहे हो आत. दोष. वाईट वाटतं सांगायला. तुम्ही जीव जाळू नका, इथेच ठेवून जा. मी करतो बंदोबस्त."

आया रडत जायच्या. बंदोबस्त कसा होतो, हे कुणी विचारत नसे. टरफलं मात्र वडामागे नीट रचलेली असत. दारावर पाटी होती: आजवर एकही तक्रार नाही.

याच जंगलात सगुणा नावाची सुगरण आणि तिचा नवरा हळदोजी राहत होते. सुगरण पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. नर घरटं अर्धं विणतो आणि थांबतो. मग मादी येते, आत शिरते, प्रत्येक काडी ओढून बघते. पसंत पडलं तरच पुढचं काम. सगुणाने हळदोजीची तीन घरटी नापास केली होती. चौथ्यात ती राहायला आली, तीन अंडी घातली, आणि त्याच दिवशी वादळात दोन खाली पडली. उरलं एक.

तिसऱ्या दिवशी गवताच्या पिशवीत ते एक अंडं घेऊन सगुणा ढोलीत आली.

"डाग आहे," मुंगूसराव म्हणाले आणि सुस्कारा टाकला.

सगुणाही रडत निघाली असती. पण सवय कुठे जाते? तिने काडी ओढून बघितली.

"राव, डाग नसलेलं अंडं कसं दिसतं, तेवढं दाखवा की."

"तसं अंडं माझ्याकडे आजवर आलंच नाही."

"म्हणजे सगळ्यांनाच डाग?"

"काय सांगू, बाई. जंगलाची हवाच बिघडलीय."

सगुणाने अंडं पिशवीत घातलं. "यांना विचारून येते," म्हणाली आणि निघाली. मुंगूसराव जिभल्या चाटत म्हणाले, "लवकर या हं. ताजं असताना बरं."

पण घरी न जाता तिने घुबडकाकूंची वाट धरली; त्याही अंडी बघून द्यायच्या. वाटेत साळुंकी भेटली. तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं.

"घुबडकाकूंकडे चाललीस? अगं, असल्या वेळी तिचं तोंड बघतात का? ते डोळे बघितलेस?"

"डोळेच हवेत मला," सगुणा म्हणाली.

घुबडकाकू एका जुन्या शिसवीच्या झाडात राहायच्या. दिवसभर झोप, आणि उन्हं कलली की काम. त्यांनी अंडं मावळत्या उन्हात धरलं, लगेच परत दिलं.

"तिसऱ्या दिवशी जो डाग दिसतो ना, तेच पिल्लू असतं. डाग नसता तर मी काळजी केली असती. आत्ता एवढंच कळतं की आत कुणीतरी आहे. आठव्या दिवशी ये."

ते पाच दिवस सगुणा अंड्यावर बसून राहिली आणि हळदोजी उगाच पक्क्या गाठी सोडून पुन्हा बांधत राहिला. आठव्या दिवशी दोघं गेले. काकूंनी बराच वेळ पाहिलं. अंडं फिरवून पुन्हा पाहिलं.

"काळीज छान चाललंय. पंख दोन्ही आहेत. उजवा पाय मला वाकडा दिसतोय."

"नक्की?" हळदोजीने विचारलं.

काकूंनी मागच्या खोडाकडे चोच केली. तिथे ओरखडे होते. "असा पाय मी आजवर दहा वेळा सांगितला. उभा ओरखडा म्हणजे खरा निघाला, आडवा म्हणजे मी चुकले. मोज."

सात उभे होते. तीन आडवे.

"मग आम्ही काय करायचं?" सगुणाने विचारलं.

"माझं काम बघायचं. ठरवायचं तुम्ही. गेल्या साली होला पक्ष्यांच्या जोडीला मी सांगितलं की काळीजच धरलेलं नाही. त्यांनी अंडं सोडायचं ठरवलं. मी दिवसभर त्यांच्याजवळ बसले. चूक कुणाचीच नव्हती. तुमचं वेगळं आहे. तुमचं पिल्लू जगेल, पण त्याला लटकता येणार नाही."

आता सुगरणीच्या घरट्याचं दार खाली असतं, नळीसारखं. लटकता आलं नाही की पिल्लू सरळ खाली. सगुणा अंडं पोटाशी धरून बसली. हळदोजीने मनात दिवस मोजले. मग म्हणाला, "अजून सहा दिवस आहेत ना? दार उसवतो."

सगुणा पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकाने बघून म्हणाली, "काड्या जरा जाड आणा."

हळदोजीने नळी आखूड केली आणि दाराशी बसायला चांगला रुंद ओटा विणला. साळुंकी बघायला आली.

"सुगरणीच्या घरट्याला ओटा? आमच्या सात पिढ्यांत नाही ऐकलं."

"तुमच्या सात पिढ्या दुसऱ्यांच्या ढोलीत राहिल्या, ताई," हळदोजी तोंडात काडी धरून म्हणाला.

चौदाव्या दिवशी पिल्लू बाहेर आलं. उजवा पाय वाकडा होता. आवाज इतका मोठा की हत्तीअण्णांनी कान हलवले. चार आठवड्यांत पिल्लूबुवा ओट्यावर बूड टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागले. काकू येऊन बघून गेल्या. परतल्यावर त्यांनी एक उभा ओरखडा मारला. खरं निघाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला नाही. पिल्लाने मात्र त्यांची शेपटी ओढली तेव्हा त्या हसल्या. पुढच्या हंगामात निम्म्या सुगरणी नवऱ्याला म्हणू लागल्या, "ओटा नसेल तर मी येत नाही."

मग मुंगूसरावांचं काय झालं, असं विचारताय? त्यांचा सत्कार झाला. सभेत हिशेब वाचला गेला. मुंगूसरावांकडे आलेली अंडी एकशे वीस, ठेवून घेतलेली एकशे एकोणीस, दोष नव्हता असं सिद्ध झालेलं एकही नाही. घुबडकाकूंच्या खोडावर तीन आडवे ओरखडे, तेही स्वतःच मारलेले. हत्तीअण्णा म्हणाले, "स्वतःच चुका कबूल करणाऱ्या बाईवर कसा विश्वास ठेवायचा?" आणि मुंगूसरावांना शाल आणि नारळ दिला.

नारळ खवट निघाला. तो माझ्या दुकानातला नव्हता.

तात्पर्य: ज्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, अशाच तज्ज्ञाकडे जावं. जाताना अंडं तेवढं घरी ठेवावं.

आणि मुलांनो, उद्या तुम्हीही कुणाला काहीबाही पारखून द्याल, नारळ म्हणा, अंडं म्हणा. माझी एवढीच विनंती, हिशेब खरा ठेवा. आडवे ओरखडे आपल्या हाताने मारा.