पुसता न येणारी भाकरी

सोलापूरच्या शिवगंगा अपार्टमेंटचा व्हॉट्सॲप ग्रुप बुडाला तो बापूसाहेबांमुळे. बापूसाहेब शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते, पण तपासणी काही सुटली नव्हती. ग्रुपवर फक्त पाण्याविषयी बोलायचं, असा त्यांचा दंडक. कुणी फुलांसकट सुप्रभात पाठवलं की काढ त्याला. कुणी केकचा फोटो टाकला की काढ. एकदा तर त्यांनी स्वतःच्या बायकोला काढलं आणि त्या रात्री खानावळीत जेवले. शेवटी ग्रुपमध्ये ते एकटेच उरले आणि पाणी कधी येणार हे स्वतःलाच कळवू लागले.

मग तळमजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा अतीक पुढे आला. पहिल्या मजल्यावरच्या राजशेखरला, म्हणजे ग्रुपमधून सगळ्यात जास्त वेळा हाकलल्या गेलेल्या माणसाला, त्याने दुकानात बसवून समजावलं.

"जुनी चीज आहे, राजूभाई. फेसबुकच्या कितीतरी आधी लोक अशाच गप्पा मारायचे. मालक नाही, कंपनी नाही, ॲडमिन नाही. प्रत्येकाच्या मशीनवर सगळ्यांचे निरोप. एक मशीन शेजारच्याला देणार, ते पुढच्याला. आता लोक परत तिकडं वळायलेत."

"म्हणजे मला कुणी काढू शकत न्हाय?"

"काढणार कोण? तुझं लिहिलेलंसुद्धा कुणाला पुसता येणार नाही."

"ह्येच पायजे!" राजशेखरने टेबलावर थाप मारली.

बँकेतला हा कारकून एरवी स्वतःची चहाची कपबशी उचलत नसे. पण आता त्याने घरोघरच्या माळ्यावरून जुने कॉम्प्युटर उतरवले, धूळ झाडली, जिन्यातून वायरी ओढल्या. उत्साहाच्या भरात टेंभुर्णीला हायवेवर हॉटेल चालवणाऱ्या मेहुणीचं, मायाक्काचं मशीनही त्याने इंटरनेटवरून जाळ्यात जोडून घेतलं. उद्घाटनाला गच्चीवर भाषण ठोकलं. "एकदा लिहिलं ते लिहिलं! माणसानं आपल्या शब्दाला जागायला पायजे की!" टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

त्याच सुमारास राजशेखरच्या बायकोने, महानंदाने, कडक भाकरीचा घरगुती धंदा करायचं मनात घेतलं होतं. अक्कलकोटच्या माहेरची कृती. तीळ लावलेली, पातळ, महिनाभर टिकणारी. तिने घरोघर चवीला भाकऱ्या वाटल्या आणि नवऱ्याला सांगितलं, "रविवारी दुपारी सगळ्यांना विचारायला जाणार हाय मी. आवडली म्हणले तर धंदा. नावं ठेवली तर तवा माळ्यावर. परत नाव काढणार न्हाय." हे सांगताना ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. पण राजशेखर तेव्हा वायर जोडत होता.

जाळ्यावर प्रत्येक विषयाचा वेगळा कट्टा होता. रविवारी सकाळी अतीकने खाण्यापिण्याच्या कट्ट्यावर लिहिलं, "वहिनींची भाकरी एक नंबर." भाकरी राजशेखरलाही आवडली होती. पण मित्रासमोर बायकोचं कौतुक करणं त्याला अवघड जाई. शिवाय त्याला विनोद सुचला होता, आणि सुचलेला विनोद पोटात ठेवणं त्याच्याने होत नसे. त्याने फक्त अतीकसाठी म्हणून लिहिलं:

"माझा वाटा पण तूच घे. मी एक बँकेत नेली. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून वर ठेवली. शिपाई विचारायला लागला, साहेब, शहाबादी फरशीचा नमुना हाय का?"

त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये दोन बटणं शेजारी शेजारी होती. एक लिहिणाऱ्याला उत्तर द्यायचं, दुसरं सगळ्या कट्ट्याला. राजशेखरने दुसरं दाबलं.

चूक कळताच त्याने आधी आपल्या घरच्या मशीनची वायर उपटली. महानंदा स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. तो चपला न घालताच अतीककडे धावला.

"पूस लवकर!"

"पुसता येत नाही. तूच टाळ्या घेतल्या होत्यास ना त्यावर?"

"अरे, दुपारी ती घरोघर जाणार हाय!"

"मग तू आधी जा. प्रत्येकाला त्याच्या मशीनवरून पुसायला सांग."

राजशेखर आधी दुसऱ्या मजल्यावर सरदारबींकडे गेला. त्या पोट धरून हसत होत्या. "अरे बेटा, वो फरशीवाला मेरेकू लई आवडला!" राजशेखरने हात जोडले. "चाची, पुसून टाका, आणि महानंदाला सांगू नका." त्यांनी लगेच पुसलं, वर चहा पाजला. तिसऱ्या मजल्यावर बापूसाहेब दारातच उभे होते. "माझ्या ग्रुपवर असता तर एका बोटानं उडवलं असतं," ते म्हणाले. राजशेखरने ते निमूट ऐकून घेतलं, तेव्हा कुठे त्यांनी पुसलं. पुन्हा चहा झाला.

तो खाली उतरतोय तोच सरदारबींनी जिन्यातून हाक मारली. "बेटा, वो फिर आया!"

अतीकने डोकं खाजवलं. "हौ, ते राहिलंच सांगायचं. एखाद्या मशीनवर निरोप नसला तर ते शेजारच्याकडून परत घेतं. एकच इलाज आहे. बिल्डिंगचं मेन बंद कर. सगळी मशीनं एकदम गप झाली की मी वायरी काढतो, मग एकेक चालू करून पुसतो."

राजशेखरने जिन्याखालचं मेन खाली ओढलं.

सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. त्या रविवारी ते नेमकं आलं होतं आणि मोटर नुकतीच सुरू झाली होती. ती बंद पडताच सगळी बिल्डिंग बादल्यांसकट जिन्यात उतरली.

"मोटर कुणी बंद केली?"

"टाकी रिकामी हाय की हो!"

"पाणी जाईल आता!"

सगळ्यांना दिसला तो मेनच्या खटक्यावर हात ठेवून उभा असलेला राजशेखर. त्याने घाईघाईने खटका वर केला. मोटर घरघरली. त्याच्या कानाशी अतीक कुजबुजला, "तसंही उपयोग नव्हता. टेंभुर्णीचं मशीन चालूच आहे. तिथून परत आलं असतं."

इतक्यात पिठाच्या हातात फोन धरून महानंदा जिन्यात आली.

"अक्का, परत वाच गं. मोठ्यानं."

फोनमधून मायाक्काचा आवाज घुमला. "फरशीचं वाचून दाखवलंच मघाशी. त्याच्याखाली सरदारबींनी लिवलंय, राजशेखर आत्ता आमच्याकडं आला, महानंदाला सांगू नका म्हणाला. बापूसाहेबांनी लिवलंय, माझ्याकडं येऊन गेले, पाय अनवाणी, चेहरा पडलेला, चहा घेतला. आता खाली निघालेत."

जिन्यात जो हशा पिकला, त्यात मोटरचा आवाज बुडाला. राजशेखर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. महानंदा मात्र हसली नाही.

"भाकरी खरंच इतकी वाईट झाली व्हय?" तिने विचारलं.

आता राजशेखरला खरोखर वाईट वाटलं. "न्हाय गं. चांगली झालीय. बँकेत नेलेली फरशी मी आणि शिपायानं चटणीसंगं तिथंच संपवली."

"मग तसं लिवायला काय झालं होतं?"

राजशेखर मेनच्या खटक्यावरची धूळ पुसू लागला. फोनमधून मायाक्काच बोलली. "अगं, वाईट कशाला? फरशीचं वाचून आमचे ह्ये म्हणाले, आपल्या हाटेलात अशीच पायजे! ट्रकवाले मद्रासला जाईस्तोवर टिकंल. लई पाठव."

"मेरेकू भी," सरदारबी म्हणाल्या. "चहात बुडवली की दात नसले तरी चालतंय." बापूसाहेबांनी बादली खाली ठेवून आपलीही मागणी नोंदवली. महानंदाचा चेहरा तव्यावरच्या भाकरीसारखा फुलला.

"बघ," राजशेखर वळून म्हणाला, "जाहिरात कुणी केली?"

महानंदा तडक वर गेली आणि उपटलेली वायर जोडून तिने कट्ट्यावर लिहिलं: "कडक भाकरीची मागणी घेणं सुरू. भाकऱ्या आमच्या घरातले फरशीवाले रोज सकाळी बँकेत जायच्या आधी दारात आणून देतील."

राजशेखर अतीककडे धावला. "ह्ये पुस!" अतीकचं तोंड भाकरीने भरलेलं होतं. त्याने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजशेखरने डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. दार उघडून बापूसाहेब आत ओरडले, "अगं, फरशीवाले आले!" मग त्यांनी एक भाकरी उजेडात धरून तपासली, पसंत केली आणि सहज म्हणाले, "जुना ग्रुप परत सुरू करायचा विचार हाय."

राजशेखरने डबा खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला.

"कराच, बापूसाहेब. आधी मला घ्या. आणि घेतलं की लगेच काढून टाका."