रतनबाईंचे चोवीस तास

सरकारी पाहणीवाली मुलगी भागवतरावांच्या वस्तीवर आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि भागवतराव ओट्यावर बसून मोठ्या तन्मयतेने सुपारी कातरत होते. कोल्हारपासून तीन-चार किलोमीटरवर, पाटाच्या कडेला त्यांची वस्ती. चार म्हशी, तीन एकर ऊस, म्हशींच्या वैरणीसाठी अर्धा एकर घास आणि गावच्या दूध संस्थेत मोठं नाव. भागवतरावांच्या दुधाचं फॅट साडेसाताच्या खाली कधी उतरलं नव्हतं, आणि त्या जोरावर येत्या सोमवारी ते संस्थेचे चेअरमन होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. आड येणारा एकच माणूस होता, शेजारचा छगन, पण त्याचं फॅट सहाच्या वर जात नसल्यामुळे त्याला कोणी विचारत नव्हतं.

मुलीचं नाव निकिता. खांद्याला पिशवी, हातात टॅब. "काका, आम्ही लोकांचा वेळ मोजतोय. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने सांगायचं. घरातल्या प्रत्येकाचं."

बावन्न वर्षांच्या आयुष्यात भागवतरावांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते खुलले. पहाटे उठून धारा काढल्या, शेण आवरलं, वैरण केली, दूध घातलं, उसाला पाणी दिलं, संध्याकाळी पुन्हा धारा. यातलं दूध घालणं आणि पाणी देणं खरं होतं. बाकीचं त्यांच्या गोठ्यात रोज होत होतं, तेव्हा तेही त्यांनी आपल्याच नावावर जमा केलं.

"आता काकूंचं. कुठे आहेत त्या?"

"गेलीय घास कापायला."

"म्हणजे शेतात कामाला."

"काम कसलं त्यात. घास कापती."

निकिताने क्षणभर टॅबकडे पाहिलं. "मी थांबते. ज्याचं त्यानं सांगितलेलं बरं."

"कशाला थांबता? तिला न्हाई जमायचं सांगायला. मी सांगतो की. काय करत न्हाई ती. घरीच असती."

"काही नाही असा पर्याय यात नाही, काका. अठ्ठेचाळीस रकाने आहेत, सगळे भरावे लागतात."

अजून सहा घरं उरली होती, म्हणून निकिताने नाइलाजाने विचारायला सुरुवात केली. आपल्या बायकोला कष्ट पडतात असं सरकारदरबारी लागणं भागवतरावांच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. त्यांनी सढळ हाताने वाटप केलं. रतनबाई सातला उठते. मग चहा. नऊ ते अकरा टीव्ही. दोन ते चार झोप. संध्याकाळी शेजारणीशी गप्पा.

"स्वयंपाक कोण करतं?"

"व्हतो की घरीच."

"पण करतं कोण?"

भागवतरावांना हा प्रश्नच नीट कळेना. पाऊस कोण पाडतं असं कोणी विचारावं, तसे ते बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तीच. पन लई येळ न्हाई लागत. अर्धा तास लिवा."

"दोन्ही वेळचा मिळून?"

"गॅस हाय ना आमच्याकडं."

निकिताची नजर समोरच्या भिंतीवर थापलेल्या गवऱ्यांवर गेली. प्रत्येक गवरीवर बोटांचे ठसे होते, बारीक बोटांचे. तिने भागवतरावांच्या जाडजूड हातांकडे पाहिलं आणि टॅब बंद केला. जाता जाता मात्र म्हणाली, "आमच्या मॅडम काही घरं पुन्हा तपासतात. आठ-पंधरा दिवसांत येतात, न सांगता."

संध्याकाळी संस्थेत दूध घालताना भागवतरावांनी हा किस्सा छगनला रंगवून सांगितला. छगनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं. "हे वंगाळ झालं, भागवतराव. लिवलंय येक आन मॅडमला दिसलं दुसरंच, तर? चेअरमनच्या अर्जावर सही करावी लागती, आपुन सरकारला कदी खोटी म्हायती दिली न्हाई म्हनून."

"तुमी काय सांगितलं मंग?"

"आमी बी असंच कायतरी," छगन गडबडीने म्हणाला. "पन मी कुठं चेअरमन व्हनार हाय."

भागवतरावांची भूक मेली. घरी येऊन त्यांनी रतनबाईंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात नवरा बायकोचा दिवस इतका तपशिलाने सांगतोय, हे रतनबाईंना नवीनच होतं. त्या पदराला हात पुसत ऐकत राहिल्या.

"मी कवा उठते म्हनून सांगितलं?"

"सातला."

"आन दुपारी दोन तास झोप?"

"दोन ते चार."

"रोज?"

"रोज. आता सोमवार हुईस्तवर लिवल्यापरमानं ऱ्हायाचं. मॅडम कवाबी येतील."

"लई दिवसांनी कुनीतरी माझं चांगलं चितलं," रतनबाई म्हणाल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, "बरं."

हे 'बरं' भागवतरावांनी नीट ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशी हंबरू लागल्या तरी रतनबाई उठल्या नाहीत. भागवतरावांनी दोनदा हाक मारली. "सातला," एवढंच उत्तर आलं. शेवटी तेच चरवी घेऊन गोठ्यात गेले. थोरली म्हैस मैना हिने त्यांना हुंगलं आणि पाय झाडला. भागवतराव घरात आले, रतनबाईंचं जुनं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि परत जाऊन बसले. मैनाने पुन्हा हुंगलं. लुगडं ओळखीचं होतं, हात नव्हता. तिने विचार करून अर्धी चरवी दिली आणि बाकीचं आवरून धरलं. बाकीच्या तिघींनी थोरलीचा कित्ता गिरवला. भागवतराव लुगड्यानिशी बाहेर आले तेव्हा बांधावर छगन दात घासत उभा होता. त्याने काही विचारलं नाही, हे जास्त वाईट होतं.

संस्थेत सेक्रेटरी हनुमंताने फॅट काढलं. पाच पूर्णांक एक. त्याने मशीन पुसून पुन्हा काढलं. तेवढंच.

"पानी घातलं का काय?" रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"न्हाई, डिगरी बरोबर हाय," हनुमंता दुधात लॅक्टोमीटर सोडून म्हणाला. "पानी न्हाई." आणि पुटपुटला, "मंग मलई काढली आसंल."

पाण्याचा आरोप एक वेळ परवडला. पाणी सगळेच केव्हा ना केव्हा घालतात असं सगळ्यांनाच वाटतं. पण मलई काढून दूध घालणं म्हणजे निव्वळ दगा. दुपारपर्यंत ही बातमी पाटाच्या दोन्ही बाजूंना पोचली.

इकडे घरात सगळं लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. नऊच्या ठोक्याला रतनबाई टीव्हीसमोर बसल्या. वीज नव्हती. "लाइट गेलीय की," भागवतराव म्हणाले. "कागदावर टीव्ही हाय," असं म्हणून त्या काळ्या पडद्याकडे बघत दोन तास बसून राहिल्या. स्वयंपाक त्यांनी दोन्ही वेळचा मिळून बरोबर अर्धा तास केला. घड्याळात काटा पोचला तशी त्यांनी शेगडी बंद केली.

"अगं, डाळ शिजायची हाय अजून."

"येळ झाली. इचारा मॅडमला."

भागवतराव घास कापायला गेले आणि पायलीभर घाम गाळून दोन पेंढ्या घेऊन आले. म्हशींनी त्या पाच मिनिटांत संपवून त्यांच्याकडे पाहिलं. शेण काढताना पाठ धरली. शनिवारी फॅट पाच, रविवारी चार पूर्णांक आठ. रविवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उद्या मीटिंग हाय. माझा पांढरा शर्ट धुतलास का?"

"धुनं सांगितलं हुतं का त्या पोरीला?"

भागवतरावांनी आठवून पाहिलं. "इसरलो."

"मंग न्हाई."

सोमवारी भागवतराव चुरगळलेल्या शर्टात, शेणाचा वास घेऊन सभेला गेले. संस्थेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये पन्नासेक सभासद जमले होते. अर्ज एकट्या भागवतरावांचा यायचा होता, पण छगननेही आणला होता. त्याने उभं राहून अगदी दुःखी आवाजात विषय काढला. "मला भागवतरावांचा लई आदर हाय. पन जो मानूस मलई काढून दूध घालतो, त्याच्या हाती संस्था देयाची का?"

सगळे भागवतरावांकडे बघू लागले. वीस वर्षं ज्या रांगेत ते पहिले उभे राहायचे, तीच माणसं आता त्यांच्याकडे चोर म्हणून बघत होती. भागवतरावांचे कान तापले. पद गेलं तर गेलं, पण हा कलंक त्यांना सोसवेना.

"मलई न्हाई काढली," ते म्हणाले. "म्हैस पान्हावत न्हाई."

हनुमंता दुधातला जाणकार होता. तो सावरून बसला. "हां, तसं आसंल तर फॅट पडनारच. फॅट शेवटच्या धारंत असतं. म्हशीनं आवरून धरलं तर वरचं पातळच येतं. पन तुमची म्हैस आजवर तर पान्हावत हुती."

"व्हय."

"मंग आताच काय झालं? कुनाला पान्हावती ती?"

भागवतरावांनी इकडे तिकडे पाहिलं. हॉलला मागचं दार नव्हतं.

"तिला."

"कुनाला?"

"आमच्या हिला. सव्वीस वरसं धारा तीच काढती. शेन तीच काढती, घास तीच आनती. मी निस्तं कॅन गाडीवर टाकून हितं आनतो." बोलून टाकल्यावर त्यांना लाज वाटली आणि छातीवरचं ओझंही उतरलं. इतकी वर्षं साडेसात फॅटची शाबासकी आपण घेत होतो, हे त्यांना त्याच क्षणी पहिल्यांदा कळलं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. छगनला मात्र यात संधी दिसली. तो टुणकन उठला. "मंग सभासदाच्या कार्डावर नाव वहिनींचं पायजे. जो धार काढील त्योच सभासद. आन सभासद नसलंला मानूस चेअरमन व्हत न्हाई. मी ठराव मांडतो."

टाळ्या पडल्या. हनुमंताने वही उघडली आणि पेन थांबवून निरागसपणे विचारलं, "ठराव समद्यांना लागू करायचा ना, छगनराव?"

पन्नास माणसांनी एकदम फरशीकडे पाहिलं. कोणाला खोकला आला, कोणाला मोबाईल. छगन पंख्याकडे बघत म्हणाला, "न्हाई. आज येकापुरताच." ठराव एकापुरता मंजूर झाला. भागवतरावांच्या कार्डावर रतनबाईंचं नाव चढलं, छगन बिनविरोध चेअरमन झाला आणि चहा वाटण्यात आला.

दूध संस्थेचं कार्ड रतनबाईंनी दोन्ही हातांत धरून बघितलं. स्वतःचं नाव त्यांनी लग्नपत्रिकेनंतर छापील असं बहुधा रेशन कार्डावरच पाहिलं होतं, तेही तिसऱ्या ओळीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गोठ्यातून धारांचा आवाज आला आणि फॅट सात पूर्णांक सहा लागलं.

गुरुवारी दुपारी वस्तीपुढे सरकारी जीप थांबली. चष्मा लावलेल्या मॅडम उतरल्या. भागवतराव धावतच पुढे गेले. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "मॅडम, मी त्या पोरीला समदं खोटं सांगितलं," असं म्हणून त्यांनी पहाटे चारपासून सुरुवात केली. धारा, शेण, सडा, पाणी, चूल, भाकरी, घास, धुणं, गवऱ्या, पुन्हा धारा. मध्ये अडखळले की गोठ्याच्या दारात उभ्या रतनबाई पुढचं काम सुचवत होत्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं केलंत सांगितलंत. पण तुमचं घर माझ्या यादीत नाही. मी छगनरावांचं घर विचारायला थांबले होते."

भागवतरावांनी बांधापलीकडे बोट केलं. मग एकदम आठवून म्हणाले, "पन आमचं दुरुस्त तर करा."

"ते आकडे पुढे गेले. आता त्यांत कोणाचं नाव नाही, सगळ्यांत मिसळले. संस्थेच्या टाकीत ओतलेलं दूध परत तुमच्या कॅनमध्ये येतं का?"

हे भागवतरावांना चटकन पटलं. रतनबाई मात्र पुढे आल्या. "म्हंजी सरकारच्या लेखी मी दोन ते चार झोपलेलीच?"

"हो," मॅडम जरा ओशाळून म्हणाल्या.

"किती वाजलं आता?"

"दोनला पाच कमी."

रतनबाईंनी हातपाय धुतले. कमरेचा विळा काढून भागवतरावांच्या हातात दिला, लिंबाखालच्या बाजेवर अंग टाकलं आणि पदर तोंडावर ओढला. "येवढं मोठं सरकार," आतून आवाज आला, "त्याला आपुन कशाला खोटं पाडायचं." थोड्याच वेळात त्या घोरू लागल्या. भागवतरावांनी विळ्याकडे पाहिलं, म्हशींकडे पाहिलं. घास कापायचा राहिला होता.

तेव्हापासून रोज दोनच्या ठोक्याला रतनबाईंची बाज लिंबाखाली पडते. पंधरा दिवसांनी भागवतराव डोक्यावर घासाचा भारा घेऊन बांधावरून येत असताना समोरून चेअरमन छगनराव आले. त्यांच्या डोक्यावर शेणाची पाटी होती. मॅडम त्यांच्याकडे दोन तास बसल्या होत्या आणि माहिती छगनरावांच्या बायकोने, बायडाबाईंनी, स्वतः दिली होती, एवढं गावाला माहीत होतं; शेण कोणाच्या नावावर लागलं ते आता दिसत होतं. बांध अरुंद होता, टाळायला जागा नव्हती.

"काय चाललंय, भागवतराव?"

भागवतरावांनी भारा सावरला.

"काय न्हाई," ते म्हणाले. "तुमचं?"

"काय न्हाई. घरीच असतो."