तीन वायरी आणि एक पूर्ण उत्तर

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बैठकीच्या खोलीत भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये हातभर जागा आहे आणि त्या जागेत एक सत्तरीचे आजोबा घुसले आहेत. डोकं आत, पाय बाहेर. ते आजोबा म्हणजे मी. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस! टीव्हीला डीव्हीडी प्लेयर जोडणं म्हणजे माझ्या हातचा मळ. तीन वायरी, तीन भोकं, पाच मिनिटं. तसं मी जेवतानाच जाहीर केलं होतं.

आमच्याकडे माझी थोरली बहीण आली होती, आक्का. चार वाजता तिचा मुलगा तिला न्यायला येणार होता आणि त्याआधी मला तिला एक नाटक दाखवायचं होतं. तीस वर्षांपूर्वी मी शाळेत बसवलेलं. त्यातल्या तेवीस मुलांचे कपडे आक्कानं एकटीनं शिवले, शेवटच्या शिपायाचं शेवटचं बटण लावलं आणि तापानं फणफणून अंथरुणाला खिळली. नाटक तिनं पाहिलंच नाही. आता माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कुठूनशी कॅसेट मिळवून तिची डीव्हीडी करून दिली, वर स्वतःचा प्लेयरही आणून ठेवला. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे.

खरं सांगू? मला कपडे दाखवायचे होतेच, पण त्याहून जास्त आवाज ऐकवायचा होता. नाटक संपल्यावर मी रंगमंचावरून आक्काबद्दल चार शब्द बोललो होतो. तिच्या तोंडावर ते सांगायला मला तीस वर्षांत जमलं नव्हतं.

"मुंगी, बॅटरी धर," मी नातीला म्हणालो. साखरेचा डबा कुठंही लपवा, हिला सापडतो, म्हणून मुंगी. "आणि आक्का, तू समोर बस. चित्र आणि आवाज दोन्ही आले तरच 'हो' म्हणायचं. अर्धं उत्तर चालणार नाही."

"बरं मास्तर," आक्का म्हणाली.

आत शिरून पाहतो तर टीव्हीला पिवळं भोकच नाही. लाल आहे, पांढरं आहे, आणि एक हिरवं. पिवळी वायर हातात घेऊन मी पाहुण्यांच्या घरी चपला शोधणाऱ्या माणसासारखा बघत राहिलो.

"हिरव्यात घाला ना आजोबा," मुंगी म्हणाली.

"आधी समजून घ्यायचं, मग हात लावायचा," मी म्हणालो, आणि समजून घेऊन हिरव्यातच घातली. लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. प्लेयर सुरू केला.

"आक्का, आलं का?"

"नाही."

मी वायरींवर फुंकर मारली. लाल काढून पांढऱ्यात घातली, पांढरी लालमध्ये घातली, पुन्हा होती तशी केली.

"आता?"

"नाही रे."

मग मी मुंगीला वीज कशी वाहते ते पहिल्यापासून शिकवायला घेतलं. कळलेल्याला चूक सापडते, हा माझा सिद्धांत. नळाचं उदाहरण झालं, टाकीचं झालं. मुंगीचा हात भरून आला, बॅटरीचा उजेड माझ्या कानावरून नाकावर आला. मधूनमधून मी विचारत होतो, आणि आक्काचं "नाही" दर वेळी आणखी हळू, आणखी लांबून येत होतं.

पावणेचार झाले. मी हताश होऊन पिवळी वायर उपटली.

"अरे अरे, राजा गेला!" आक्का ओरडली.

"कुठला राजा?"

"तुझा नाटकातला. शेवटी एकदाचा सिंहासनावर बसला होता."

मी उठायला गेलो आणि टीव्हीच्या कडेवर डोकं आपटलं. "म्हणजे चित्र दिसत होतं?"

"केव्हापासून! काय सुंदर बसलाय तो झगा."

"मग नाही नाही काय म्हणत होतीस?"

"आवाज कुठं होता? तूच म्हणालास, अर्धं उत्तर चालणार नाही." ती डोळे पुसत होती. "आणि ते कोपऱ्यात फुली मारलेला कर्णा दाखवतात ना, तो नाटकातलाच का रे?"

मुंगीनं बॅटरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेनं मी छत्तीस वर्षं इतरांकडे पाहिलं होतं. दुपारी आक्काचा डोळा लागला तेव्हा बातम्यांचा आवाज रिमोटनं कुणी बंद केला होता? मीच.

मी मुकाट्यानं पिवळी वायर परत लावली. मुंगीनं रिमोटचं एक बटण दाबलं आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडला होता. माझाच तरुण आवाज अडखळत म्हणाला, "हे सगळे कपडे माझ्या आक्कानं शिवले. माझं शिक्षणसुद्धा तिच्या शिवणाच्या मशिनवरच झालं. ती आज इथं नाही."

 बाहेर तिच्या मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"एवढंच होतं, तर त्याच दिवशी घरी येऊन सांगायचंस," ती म्हणाली. "मी जागीच होते. त्याला तीन वायरी कशाला लागतात?"

मी वायरीची गाठ सोडवू लागलो. गाठ नव्हतीच.

तेव्हा मुंगीनं रिमोट उचलला, टीव्हीचा आवाज पुन्हा बंद केला आणि माझा हात धरून मला आक्कासमोर आणून उभं केलं.

"आजोबा, आता तुम्ही," ती म्हणाली. "पूर्ण उत्तर."