बिनआवाजी कॉम्प्युटर

परबकाकांच्या खोलीत शिरणारी प्रत्येक वस्तू आधी उंबऱ्यावर थांबते. काका खिशातून टेप काढतात, लांबी-रुंदी घेतात, आणि मगच तिला आत सोडतात किंवा परत पाठवतात. त्यांच्या धाकट्या मुलीनं हौसेनं आणलेला मिक्सर दोन सूत जास्त भरला, म्हणून आमच्याकडे राहायला आला. तो अजून आमच्याकडेच आहे. लग्नानंतर मी बायकोला त्यांच्या पाया पडायला नेलं, तर आशीर्वाद देता देता त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मला म्हणाले, "संदीपा, बरी आसा. माळ्याखालून डोक्याक न लागता जातली."

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची भिंतीला भिंत. खोली दहा बाय बारा. त्यातच मोरी, ओटा आणि काका-काकींचा चाळीस वर्षांचा संसार. काकांची हयात परळच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवण्यात गेली. तिथे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तेवढा चुकला तरी साचा फुकट. नोकरी सुटली, सूत काही सुटलं नाही. चाळीत कुणी फ्रिज घेतला की बाकीचे विचारतात, कितीला पडला. काका विचारतात, "ह्येचा बूड केवढा?" वस्तूचा खरा गुण म्हणजे तिचं बूड. "वर कितीय वाढू दे रे. बूड सांग, बूड!"

तर अशा माणसानं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं, "माका कॉम्प्युटर व्हयो."

अख्खा मजला हसला. समोरच्या खोलीतल्या सावंतांनी तर त्यांचं नावच 'सॉफ्टवेअर परब' ठेवलं. एरवी नळावर कुणी बादली पुढे सरकवली तरी कडाडणारे काका, पण या वेळी त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं. मी ऑफिसात कॉम्प्युटरवरच बसतो, म्हणून शनिवारी मला घेऊन ते दुकानात गेले.

दुकानदारानं विचारलं, "अंकल, रॅम किती पाहिजे? आठ जीबी की सोळा?"

"इंचात सांगा," काका म्हणाले.

मोठा कॅबिनेट बघताक्षणीच बाद झाला. "ह्येका ठेवूचो तर तांदळाचो डबो भायर काढूचो लागात." लॅपटॉप दाखवला, तर वाकून वाकून मान मोडेल म्हणाले. शेवटी दुकानदारानं मिनी पीसी काढला. पाच इंच बाय पाच इंच, उंची दोन. काकांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, बुडाला टेप लावला आणि पहिल्यांदाच हसले. मग तो चालू करायला लावून कानाला लावला. भर दुकानात, डोळे मिटून.

"आत पंखो फिरता."

"अंकल, गरम होऊ नये म्हणून असतो तो."

"आवाज नको."

त्या दिवशी खरेदी झाली नाही. घरी येऊन काकांनी सागाच्या तुकड्यातून त्याच मापाचा ठोकळा तासला, मागे वायरींची भोकंसुद्धा पाडली आणि तो टेबलावर ठेवून आठ दिवस त्याच्याबरोबर राहून पाहिलं. चाळीत बातमी पसरली की परबांनी लाकडाचा कॉम्प्युटर घेतला. माणसं बघायला येऊ लागली. सावंत म्हणाले, "काका, इंटरनेट लागतंय का?"

"कनेक्शन येवचा आसा," काका शांतपणे म्हणाले.

आठव्या दिवशी निकाल लागला: ठोकळा कोपराला अडतो. मी सांगितलं, हा डबा स्क्रीनच्या पाठीला स्क्रूनं बसवता येतो, टेबलावर त्याचं बूडच टेकत नाही. काकांनी काढलेला टेप परत खिशात ठेवला. बूडच नसलेली वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

शेवटी बिनपंख्याचा घेतला. "जरा स्लो आहे हां, अंकल," दुकानदारानं बजावलं. काका म्हणाले, "आमका खंय घाई आसा?" भिंतीला मिटवता येणारी फळी त्यांनी स्वतः ठोकली आणि कीबोर्डवर मराठी अक्षरं चिकटवून घेतली. मी जोडणी करून खुर्चीत बसलो, तर माझे गुडघे फळीला आपटले. "काका, दोन इंच खाली झाली." सूत न चुकणारा माणूस म्हणाला, "आसूंदे."

त्यानंतर रोज दुपारी दोन ते चार त्यांचं दार बंद दिसू लागलं. आमच्या चाळीत दिवसा दार कोणी लावत नाही. काका बाहेर गॅलरीत स्टुलावर बसून राहायचे. कुणी आत जायला निघालं की म्हणायचे, "थांब रे. कॉम्प्युटर थंड होवक ठेवलो आसा."

मग एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी माझी कडी वाजवली. "चल जरा. फाईल जायना."

आत गेलो. स्क्रीनसमोर लीलाकाकी बसल्या होत्या; दोन इंच खाली झालेली फळी त्यांच्या बरोब्बर मापाची होती. मला बघून त्यांनी तोंडाला पदरच लावला. समोर त्यांनीच टाइप केलेली चार पानं होती, त्यांच्या माहेरच्या गावच्या विहिरींवर. पहिल्या पानावर नाव, आणि त्याखाली 'बी. ए., प्रथम वर्ष'.

"बारावीनंतर लग्न झालं, ते राहूनच गेलं बघ," काकी म्हणाल्या. "यांनी घरबसल्याचा फॉर्म आणला. मी म्हटलं, नापास झाले तर चाळभर होईल. कुणाला कळता कामा नये. आणि घरघर सुरू झाली की माझं डोकं उठतं, म्हणून तो पंखा नको."

विद्यापीठाच्या साइटला फाईलचं मराठी नाव चालत नव्हतं; ते इंग्रजीत करून मी ती पाठवून दिली. ती गेल्याची खूण स्क्रीनवर उमटली तेव्हा काकींनी हात जोडले. मला की मशीनला, ते कळलं नाही. आता पहिलं वर्ष त्यांनी पार केलंय आणि हे लिहायला परवानगीही त्यांनीच दिलीय. पण त्या दुपारी तसं काहीच ठरलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर काकांनी दार ओढून घेतलं आणि माझा दंड धरला.

"खंय बोला नको. पास झाली तर तिचा नाव सांगूया. नाय झाली, तर सांगूया परब नापास झालो."

तेवढ्यात सावंत जिना चढून आले. "काय सॉफ्टवेअर, जमतंय का नाही?"

"खंय रे!" काकांनी कपाळावर हात मारला. "इतके म्हयने झाले, टाळक्यात शिरतच नाय बघ."

सावंत पोट धरून हसले. काका त्यांच्याहून मोठ्यानं हसले. आणि सावंत आपल्या खोलीत जाईपर्यंत, दाराला पाठ लावून, ते तसेच हसत उभे राहिले.