उजेड पास, सरडा नापास

दिव्याला काच बसवायची, हे भडकेसाहेबांनी रागाच्या भरात ठरवलं. यात नवल काही नाही. ते सगळंच रागाच्या भरात ठरवत. लग्नसुद्धा त्यांनी थोरल्या भावाशी भांडण झाल्यावर तिरमिरीत ठरवलं होतं (आणि ते टिकलं, याचं श्रेय दुसऱ्या पक्षाकडे जातं).

भडके हे त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊन तिथला उजेड मोजायचा, ही त्यांची नोकरी. हातात तळहाताएवढं मीटर, खिशात लाल पेन. मशीनवर उजेड कमी पडला की भडकायचे, जिन्यातला दिवा उघडा दिसला की भडकायचे, आणि सगळं नियमात सापडलं तर आपल्याला उगाच बोलावलं म्हणून भडकायचे. दिव्याला झाकण हवंच, हे त्यांचं लाडकं कलम. तपासणी संपली की ते समोरच्याला रिपोर्टवर सही करायला लावत. "सही नाही म्हणजे चूक कबूल नाही," असं म्हणत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी स्वतः अशी सही कुठे केल्याची नोंद नाही.

अशा माणसाच्या घरी मुलीने सरडा ठेवला. साधासुधा नव्हे, बिअर्डेड ड्रॅगन. शेपटीसकट हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी. भ्याला किंवा चिडला की ही दाढी फुगते आणि कोळशासारखी काळी पडते. मुलीने त्याचं नाव दाढोबा ठेवलं होतं. तिला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला परगावी जायचं होतं.

जायच्या आधी दहा दिवस बापलेकीत अबोला होता. बापाने खटपटी करून लावलेली पक्की नोकरी सोडून ती नाटकांची प्रकाशयोजना शिकायला निघाली होती. "मी जन्मभर लोकांचा अंधार घालवला," भडकेसाहेब बायकोला ऐकवत (म्हणजे मुलीला ऐकू जाईल असं), "आणि ही तिकीट काढून आलेल्या लोकांना अंधारात बसवणार! त्यालाही ट्रेनिंग लागतं!"

पण निघताना मुलगी दारात थांबली. "बाबा, मैत्रिणीकडेही ठेवता आला असता याला. पण याचं सगळं दिव्यांवर अवलंबून असतं, आणि तुम्हाला उजेडातलं कळतं. म्हणून तुमच्याकडे ठेवतेय."

त्या एका वाक्यावर भडकेसाहेब आठ दिवस जगले. चेहरा मात्र रागीटच ठेवला.

मुलीने सूचनांचा एक कागद दिला होता. आपल्याला कुणी सूचना द्याव्यात, हेच त्यांना मुळात खपत नसे. त्यांनी लाल पेन काढून आधी समास आखला, मग दोन वाक्यांची भाषा सुधारली आणि तळाशी 'मागे पाहा' असं होतं, ते 'अनावश्यक' म्हणून खोडून टाकलं.

दाढोबाच्या पेटीवर जाळी होती आणि जाळीवर दोन दिवे. एक उष्णतेचा, त्याला पत्र्याचा घुमट होता. दुसरी लांबट नळी, उन्हासारखा उजेड देणारी, ती उघडी. तिसऱ्या दिवशी धूळ पुसता पुसता बायको सहज म्हणाली, "अहो, साऱ्या गावाला झाकणं लावायला सांगता, आणि घरातली ही नळी उघडीच?"

झालं! भडकेसाहेब तडक काचवाल्याकडे गेले, मापात काच कापून घेतली, कडा घासून घेतल्या आणि नळीच्या खाली सरकवली. मग पेटीत मीटर धरलं. सहाशे! भरपूर उजेड! त्यांनी पेटीवर चिठ्ठी चिकटवली : तारीख, आकडा आणि 'पास'.

राहता राहिलं खाणं. कागदावर लिहिलं होतं, रोज सहा-सात रातकिडे, कॅल्शियमची पूड लावून.

"माझ्या घरात किडे मारायचं औषध विकत येतं, किडे नाही!" भडकेसाहेब गरजले. "पालक द्या त्याला. पालकाने हाडं मजबूत होतात, तिला लहानपणापासून मी हेच सांगत आलोय."

त्यानंतर पाच आठवडे दाढोबा काचेखालच्या उजेडात बसून पालक खात राहिला. भडकेसाहेब रोज सकाळी मीटर घेऊन पेटीसमोर उभे राहत आणि "काय रे, हलत का नाहीस?" असं खडसावत. दाढोबाची दाढी काळी पडे.

"बघ, बघ माज! राहायला पेटी, खायला पालक, सहाशेचा उजेड, आणि वर मलाच तोंड काळं करून दाखवतोय!"

"अहो, माज नाही हो तो," बायको एकदा म्हणाली. "याच्या पायाची बोटं बघा, कशी थरथरताहेत. पेटीतल्या लाकडावरही चढत नाही दोन दिवस."

भडकेसाहेबांनी पुन्हा मीटर धरलं. "सहाशे वीस! पास!"

"उजेड पास आहे हो. सरडा नापास होतोय."

त्याच संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "दाढोबा दाखवा ना, बाबा." भडकेसाहेबांनी फोन असा काही धरला की फक्त डोकं दिसावं. "झोपलाय. एकदम ठणठणीत." फोन ठेवल्यावर ते काहीही कारण नसताना बायकोवर ओरडले. काय झालंय ते दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दाढोबाने लाकडावर चढायचा प्रयत्न केला. मागचे पाय घसरले, आणि तो हनुवटी टेकून वाळूत तसाच पडून राहिला. भडकेसाहेब समोर उभे होते, पण दाढीचा रंगसुद्धा बदलला नाही. चिडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"गाडी काढतो," ते हळूच म्हणाले. त्यांना हळू बोललेलं ऐकून बायकोच घाबरली.

दवाखान्यात त्यांनी अख्खी पेटीच नेली, दिव्यांसकट. प्राण्यांची डॉक्टर त्यांच्या मुलीच्याच वयाची निघाली, आणि तिने पहिल्याच वाक्यात त्यांना 'काका' म्हटलं. तिथेच पारा चढला.

"काका, दिवा कुठला वापरता?"

"दिव्याचं मला विचारू नका. तुमच्या या टेबलावरच उजेड कमी आहे. मी असतो तर नापास केलं असतं."

डॉक्टरने शांतपणे एक्स-रे लावला. त्यात दाढोबाची हाडं जेमतेम दिसत होती. "काका, याची हाडं मऊ पडायला लागलीत. कॅल्शियम अंगी लागत नाहीये. खायला काय देता?"

"पालक," बायको म्हणाली.

"पालक तर असलेलं कॅल्शियमही अडवून धरतो. आणि ही काच कुणी लावली?"

"मी!" भडकेसाहेब छाती काढून म्हणाले. "नियम आहे तसा."

डॉक्टरने ड्रॉवरमधून एक छोटं मीटर काढलं, भडकेसाहेबांच्या मीटरच्या निम्म्याएवढं. नळी लावली आणि मीटर काचेखाली धरलं. शून्य. मग काच बाहेर ओढली. आकडा साडेतीनवर गेला. काच आत, शून्य. काच बाहेर, साडेतीन.

"उन्हात डोळ्याला न दिसणारे किरण असतात, काका. त्यांच्यावर याची हाडं पोसतात. ही नळी तेच किरण देते आणि साधी काच तेच अडवते. तुमचं मीटर फक्त डोळ्याला दिसतो तो उजेड मोजतं."

"तुमचं मीटर बिघडलंय!"

ते मीटर हिसकावून घेऊन भडकेसाहेब बाहेर उन्हात गेले. आकडा टुणकन वर उडाला. आत येऊन खिडकीच्या काचेआड धरलं. शून्य. ते तीनदा बाहेर गेले आणि तीनदा आत आले. कुत्री-मांजरं घेऊन बसलेली मंडळी मान वळवून वळवून बघत होती. चौथ्यांदा ते दारातच थांबले.

"मुलीने काही लिहून दिलं होतं का?" डॉक्टरने विचारलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. डॉक्टरने लाल रेघोट्यांकडे पाहिलं, मग कागद उलटा केला आणि मोठ्याने वाचला. "नळीखाली काच अजिबात नको. बाबा, तुम्ही काच लावणार हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय. पालक नको. तुम्ही पालकच देणार, हेही माहीत आहे."

भडकेसाहेबांना इतका राग आला, इतका राग आला की तो कुणावर काढावा हेच सुचेना. डॉक्टरवर काढावा, तर ती बरोबर होती. बायकोवर काढावा, तर तिने आधीच सांगितलं होतं. काच आपणच कापून आणलेली, कागदावरची ओळ आपणच खोडलेली. शेवटी ते भिंतीवरच्या दिव्याकडे बोट करून ओरडले, "याला झाकण नाही!" आणि त्यांचा आवाज चिरकला.

"वाचेल का?" त्यांनी विचारलं.

"कुठलं हाड मोडलेलं नाही अजून. वेळेवर आणलंत. पण वेळ लागेल, आणि रोज नीट करावं लागेल."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून मुलीला फोन लावला. "दाढोबा आजारी आहे. काच मी लावली."

"मागच्या बाजूला लिहिलं होतं, बाबा," ती म्हणाली.

"'मागे पाहा' मी खोडलं."

मुलगी रडत होती. "मी फक्त उजेडासाठी ठेवला होता तुमच्याकडे," ती म्हणाली. "आता बरा करा त्याला. तुम्हीच करा."

भडकेसाहेबांनी मग स्वतःची तपासणी सुरू केली. काच निघाली. कॅल्शियमचं औषध सुरू झालं. रोज सकाळी वीस मिनिटं ते दाढोबाला छातीशी धरून गॅलरीत उन्हात बसत. पालक जाऊन लाल भोपळ्याचा कीस आला. रातकिडेही घरात आले. एक तर साहेबांच्या शर्टात शिरला आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये किरकिरला. (वरिष्ठांना वाटलं, भडकेसाहेब दात खाताहेत. नेहमीचंच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.)

डॉक्टरने एक वही ठेवायला सांगितली होती : तापमान, खाणं, दाढीचा रंग, वेळ. दाढी वरचेवर काळी पडली तर त्याला कसला तरी त्रास होतोय, असं समजायचं. साहेब ऑफिसात असताना नोंदी बायको करायची.

दीड महिन्याने दाढोबा लाकडावर चढू लागला. साहेब विजयी मुद्रेने वही घेऊन दवाखान्यात गेले. "सगळं पास आहे. फक्त दाढी अजून मधूनच काळी पडते. तुमच्या औषधातच काहीतरी गडबड आहे."

डॉक्टरने पानं चाळली. "काळ्या नोंदी सगळ्या लाल शाईतल्या आहेत. तुमच्या ना?"

"माझ्याच."

"निळ्या शाईत एकही काळी नाही. त्या काकूंच्या?"

"ती नीट बघत नसेल!"

डॉक्टरने हसू दाबलं, पट्टी घेऊन वहीत एक जास्तीचा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'कारण'. "हा घरी जाऊन भरा, काका."

साहेबांनी तो रकाना दहा दिवस कोरा ठेवला. पुरावा अपुरा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग मुलगी आली. दाराबाहेर चपला काढायच्या आधी पेटीपाशी धावली. दाढोबा सरसर लाकडावर चढला, तिच्या हातावर आला, तिथून खांद्यावर. तिने त्याचे पाय चाचपून पाहिले, हनुवटी चाचपली. मग बापाकडे बघून म्हणाली, "छान केलंत, बाबा." भडकेसाहेबांना एकदम भरून आलं, म्हणून ते पंख्याच्या रेग्युलेटरवर चिडले.

"आता याला मी माझ्याबरोबर नेते," दाढोबाला पेटीत ठेवत मुलगी म्हणाली.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "तीस वर्षं मी तुझ्या बाबांचा अंदाज घेत जगले. आता कुठे घरात एक बरोबर चालणारं मीटर आलंय, ते मी देणार नाही."

"काय बोलतेस काय तू!" भडकेसाहेब कडाडले. "मी कधी आवाज चढवलाय या घरात?"

तिघांनीही पेटीकडे पाहिलं. दाढी हळूहळू फुगली आणि काळीकुट्ट झाली.

भडकेसाहेबांनी वही ओढली, लाल पेन काढलं आणि घड्याळ बघून वेळ टाकली. रंगाच्या रकान्यात लिहिलं, 'काळी'. कारणाच्या रकान्याशी पेन जरा अडखळलं. तिथे त्यांनी अगदी बारीक अक्षरात लिहिलं, 'मी'.

बायकोने त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"सही राहिली," ती म्हणाली.