पनासची प्लेट आणि स्तेफाचं पीठ

"माझ्या प्लेटला भोक पाडणारी गोळी अजून जन्मायची आहे," असं पनासने गल्लीभर सांगून ठेवलं होतं. सगळा जन्म पोलादाच्या कारखान्यात गेलेला माणूस. क्रिवी रिहसारख्या पोलादाच्या गावात अशा माणसाला उलट कोण विचारणार? ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे तापवून, ठोकून त्याने ती प्लेट केली होती. जावई यारेमा उद्या सकाळच्या बसने आघाडीवर निघणार होता. त्याला बुलेटप्रूफ जाकीट मिळालं होतं, पण आत प्लेटच नव्हती. म्हणजे उशी काढून घेतलेला अभ्रा!

शेजारचा झेनोन शिकारी. रानडुक्कर आडवं करणारी मोठी रायफल घेऊन तो परसात आला. "प्लेटमागे माती थाप," तो म्हणाला. "गोळी अडली तरी दणका आत जातो, तो मातीत उमटतो. खड्डा खोल पडला तर छाती पिचली समज."

"माती कुठून आणू?"

"कबरस्तानात हल्ली रोजच खणतायत."

हे ऐकून पनासची बायको स्तेफा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पोर उद्या निघतंय आणि तुम्ही थडग्याची माती घरात आणणार? आणून तर बघा."

ती चर्चला गेली आणि पनासला अक्कल सुचली. ईस्टरच्या पावासाठी तिने घमेलंभर पीठ मळून ठेवलं होतं. मातीसारखंच की! त्याने प्लेट त्यावर बांधली, घमेलं परसाच्या टोकाला भिंतीशी उभं केलं. झेनोनने नेम धरून गोळी झाडली आणि त्याच क्षणी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. पनास, झेनोन आणि यारेमा तिघेही तळघरात पळाले.

तासाभराने वर येऊन बघतात तर प्लेटला पोचा, पण भोक नाही. मागचं पीठ तर एकदम गुळगुळीत. पनासने छाती ठोकून घेतली. यारेमा आठवडाभरात पहिल्यांदा मनापासून हसला.

तेवढ्यात स्तेफा परतली. "माझ्या पिठाला हात कोणी लावला?"

"बघ ना, एवढी मोठी गोळी, पण साधा खड्डा नाही."

स्तेफाने पिठात मूठ खुपसली आणि बाहेर काढली. "आता बसा बघत."

सगळे बघत बसले. खड्डा हळूहळू वर आला आणि दिसेनासा झाला.

"यीस्ट घातलंय त्यात," ती म्हणाली. "तासाभरात काहीही भरून येतं."

शेवटी स्तेफानेच बादली उचलली आणि ती कबरस्तानाकडे चालू लागली.

माती थापून पुन्हा गोळी झाडली. प्लेटने तीही अडवली. पनासने मातीतल्या खड्ड्यात मूठ घातली, ती मनगटापर्यंत आत गेली. यारेमाचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

"बाबा, प्लेट राहू द्या," तो म्हणाला. "आईंकडून पिठाचंच जाकीट शिवून घेतो. खड्डा पडला तर भरून तरी येईल."

स्तेफा जाड दुलई आणि कात्री घेऊन आली आणि प्लेटमागे लावायला घड्या शिवत बसली. पनास खाली बसून माती गोळा करत होता. एक ढेकूळसुद्धा परसात राहता कामा नये, असं तिने बजावलं होतं.

त्याला भरलेली बादली घेऊन आलेला पाहून कबर खणणारा म्हणाला, "परत कशाला आणलीस? ठेवायची की, लागेल."

"नको रे बाबा," पनास म्हणाला. "तुझी तुलाच लखलाभ."

आणि बादली उपडी करून त्याने तिचं बूड दोनदा ठोकलं.