साधनाबाईंच्या नऊ मिनिटांची मोहीम

प्रथम विश्वकर्म्यास दंडवत, की ज्याच्या कृपेने भिलाई मुक्कामी लोखंड पाण्यासारखे वाहते. मग विजेच्या तारेस दंडवत, की तिने ऐन संग्रामात दगा दिला नाही. आणि शेवटी लिहिणाराच्या चष्म्यास. वैशाली नगर येथील साधनाबाईसाहेब वैरागडे यांची आज्ञा जाहली की, गेल्या वैशाखात आमचे घरी जे रण माजले त्याची हकीकत मीठमिरची न लावता लिहून काढणे. आज्ञेप्रमाणे लिहितो. मिरची कोठे लागलीच तर वऱ्हाडी हाताचा दोष समजावा.

बाईसाहेबांचे खाविंद राजश्री अरुणकुमार वैरागडे, मूळ राहणार वर्धेकडील, यांनी कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळविण्याच्या महाभट्टीवर, छत्तीस वर्षे चाकरी केली. भट्टीने त्यांस घर दिले, मानमरातब दिला, आणि मोबदल्यात दोन्ही कानांचे ऐकणे आपणाकडे ठेवून घेतले. सबब ते कानात एक लहान मशीन बाळगीत. त्या मशीनचा स्वभाव असा विचित्र की पंख्याची भुरभुर तोफेएवढी करून ऐकवी आणि माणसाचा शब्द तेवढा गिळून टाकी.

आता या संग्रामाचे मूळ. तेहतीस वर्षांमागे मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तीन अंकी सामाजिक नाटक जाहले आणि त्यात साधनाबाईंनी मुख्याध्यापिकेचे काम केले. प्रवेश तिसऱ्या अंकात, वाक्ये सतरा. खाविंदांनी आठ दिवस आधी शिफ्ट बदलून घेतली, नवा शर्ट चढविला आणि चपलेत पाय घालणार तों कारखान्याची जीप दारात उभी, की भट्टी बिघडली, चला. मग खाविंद "आलोच" म्हणोन गेले आणि दुसरे दिवशी सकाळी आले. तोवर मांडवातल्या खुर्च्या गाडीवर चढल्या होत्या. बाईसाहेबांस अभिनयाचे पहिले बक्षीस स्टीलचा डबा मिळाला, त्यात अद्यापि शेवया असतात. या गोष्टीचा उच्चार त्यांनी पुन्हा केला नाही, आणि जी गोष्ट वैदर्भी बाई बोलून दाखवीत नाही तिचे वजन काय असते, हे संसारी पुरुषास सांगणे न लगे.

सांप्रत कन्यारत्न प्रांजली, हैदराबादेस चाकरीस असते, ती आठ दिवसांची रजा काढून आली. तिने मंडळातल्या एका कपाटातून त्या नाटकाची कॅसेट हुडकून, तिचे चित्र संगणकात उतरवून आणले होते, आणि सोबत टीव्हीस जोडावयाचा मिठाईच्या डब्याएवढा संगणकही आणला होता. चित्र इतके पुसट की मुख्याध्यापिका कोणती आणि मागचा पडदा कोणता हे कळू नये. सबब खेळ चालू असतानाच चित्र उजळ करण्याचे काम संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाकडे, म्हणजे चित्र रेखाटणाऱ्या बोटभर पाटीकडे, सोपविले. ते कार्ड मोठे गुणी, त्यास पंखा नाही, केवळ ॲल्युमिनियमच्या पात्यांवर आपला ताव सोसते, आणि म्हणोन गप्प असते. बाबांच्या कानास गप्प यंत्रच पाहिजे, हे कन्येने जाणून घेतले होते.

रविवारी सकाळी कुलर बंद करोन, बेचाळीस अंशांच्या उन्हात घाम पुशीत, तिघे दिवाणखान्यात बसले. पहिला अंक जाहला, दुसरा जाहला, आणि बावन्नाव्या मिनिटास पडदा काळा पडला. कार्ड अठ्ठ्याण्णव अंशांस पोहोचून मूर्च्छित जाहले. बाईसाहेबांचा प्रवेश एकसष्टाव्या मिनिटास. मध्ये राहिला नऊ मिनिटांचा मुलूख, आणि तो सर करणे हीच ही मोहीम.

वाचणारा म्हणेल, नऊ मिनिटे पुढे सरकवावे, वा कार्ड निवले की तेथून पुढे पाहावे, त्यात काय मोठे. हीच मसलत प्रांजलीने दिली. तेव्हां बाईसाहेब खाविंदांकडे पाहून बोलल्या ते असे: "मी दोन अंक विंगेत उभी होती, साडी आवरत. तुमाले सोफ्यावर बसणं होत नाई काय?" मग सरकविण्याचे वा तोडून पाहण्याचे नाव कोणी काढले नाही. कन्येची गाडी सोमवारी होती आणि उजळ करण्याची विद्या तिच्याखेरीज कोणास अवगत नव्हती, तेव्हां जे करणे ते आजच करणे आले.

पहिली चाल खाविंदांची. ताव म्हणजे काय हे भिलाईत मला शिकविणारा कोण, ऐसा त्यांचा अभिमान, आणि तो खोटाही नव्हे. त्यांनी निदान केले की बाहेरची झळ यंत्रास लागते, तर भट्टीस आतून विटांचे अस्तर असते तद्वत यास बाहेरून करावे. मग संगणक शोकेसच्या काचेआड ठेविला, चहूबाजूंस थर्मोकोल ठोकला, फटींत जुने टॉवेल कोंबिले आणि वर बाईसाहेबांनी आपल्या हातचा क्रोशाचा रुमाल घातला. बंदोबस्त असा चोख की आतला ताव बाहेर जावयास मुंगीएवढी वाट उरली नाही. एक्केचाळिसाव्या मिनिटासच यंत्राने मान टाकली. सरहद्द पुढे जाण्याऐवजी अकरा मिनिटे मागे आली, आणि खाविंद टॉवेल काढीत बसले, कोणाकडे न पाहता.

मग खुर्सीपार वस्तीतून संगणक दुरुस्त करणारे भैयालाल मिस्त्री यांस पाचारण जाहले. मातब्बर कारागीर, दुपारच्या उन्हात डोक्यास गमछा बांधून फटफटीवर आले, अर्धा तांब्या पाणी प्याले, झाकण उघडून आत पाहिले आणि हसले. "बाबूजी, बिना पंखे का कार्ड है, और डिब्बा ऊपर से बंद. गरमी जाही कहाँ?" म्हणजे गरमी जाईल कोठे, ऐसा सवाल टाकून त्यांनी झाकणास पंखा बसविला आणि निघोन गेले. यंत्र थंड राहिले, बावन्न ओलांडले, पंचावन्न ओलांडले, घरात फत्तेचा सुगंध सुटला. परंतु खाविंदांच्या कानातल्या मशीनने त्या पंख्याचा नगारा केला. "तो काय म्हणून राह्यला?" ऐसे ते प्रत्येक वाक्यास विचारीत, आणि कन्या कानाशी ओरडून सांगे, आणि तोवर पुढची तीन वाक्ये निघोन जात. अठ्ठावन्नाव्या मिनिटास बाईसाहेब उठल्या आणि दस्तुरखुद्द बटण दाबून नाटक थांबविले. "माह्ये सतरा वाक्य आहेत. एकबी सांडू देणार नाई," म्हणाल्या, आणि पंखा काढण्याचे फर्मान सोडले. विजय तीन मिनिटांवर असता फौज माघारी फिरविणारी सेनापती या बखरनवीसाने दुसरी पाहिली नाही.

जेवणे जाहली. प्रांजली म्हणाली, "बाबा, छोड़ो ना, दिवाळीत येईन तर दुसरं कार्ड घेऊन येते." खाविंदांनी मान हलविली आणि आडवे जाहले, परंतु झोप कोठली. एकदा भट्टीने नाटकाच्या संध्याकाळी त्यांस नेले आणि आज कार्डाच्या बोटभर पाटीच्या तावाने तेच नाटक नेऊ पाहिले. छत्तीस वर्षे ताव ज्याने हाताळिला त्याची इभ्रत काय राहिली. डोक्यात मिस्त्रीचा सवाल घुमत होता, की गरमी जाही कहाँ. आणि तीन वाजता ते ताडकन उठून बसले, कारण जबाब त्यांस चाकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

"गरमी वर जाते," त्यांनी बाईसाहेबांस हलवून सांगितले. "तिले अडवून नाई, रस्ता देऊन जिंकावं लागते. मी उलटंच करून राह्यलो होतो ना."

मग त्यांनी दाराचे टेकण असलेल्या दोन विटा आणविल्या, डबा आडवा होता तो उभा करोन विटांवर ठेविला, म्हणजे बाजूंच्या जाळ्या खाली-वर आल्या, कार्डाची पाती उभी जाहली आणि खालून हवेस दार मिळाले. वरच्या जाळीवर गतसालच्या कॅलेंडरची जाड पाने गुंडाळून हातभर उंच नळी उभी केली, बाईसाहेबांनी तिला सुईदोऱ्याने टाके घातले, आणि वैशाली नगरात एक चिमणी उभी राहिली. यंत्र चालू करोन काही वेळाने खाविंदांनी देवघरातली उदबत्ती विटांपाशी धरिली. धूर क्षणभर घुटमळला आणि मग सरळ आत शिरला, आणि भाद्रपद-आश्विनाच्या पानांच्या नळीतून वर निघाला. तिघांनी तो पाहिला. आवाज म्हणाल तर काहीएक नाही.

कुलर पुन्हा बंद जाहला आणि नाटक पहिल्या घंटेपासून सुरू जाहले. बावन्नावे मिनिट गेले, पडद्याच्या कोपऱ्यातला कार्डाच्या तावाचा आकडा एकोणऐंशी. अठ्ठावन्नावे गेले, एकोणऐंशी. साठाव्यास प्रांजलीने आईचा हात धरिला.

एकसष्टाव्या मिनिटास मुख्याध्यापिका आल्या. निळ्या काठाची साडी, मागून आणलेला चष्मा, वय तीस. रंगमंचाच्या मध्यावर उभ्या राहिल्या, बोलावयास तोंड उघडले, आणि थांबल्या. नजर खाली, मांडवाच्या एका कडेस गेली आणि तेथेच राहिली. मांडव चिडीचूप. मग त्यांनी मान वर केली आणि पहिले वाक्य असे टाकले की अवघा मांडव टाळ्यांनी उठला. खाविंदांनी सतराही वाक्ये ऐकिली, एकदाही "काय म्हणाली" न विचारता.

पडदा पडल्यावर त्यांनी पुसले, "सुरवातीले थांबली तू. विसरली होती काय?"

"बक्षीस त्याच थांबण्याले भेटलं मले," बाईसाहेब म्हणाल्या. "परीक्षक म्हणत, काय अभिनय केला." मग पदराने टीव्हीची काच पुसल्यासारखे करोन म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता मी. तुमी आले काय, ते पाहून राह्यली होती."

खाविंदांनी कानातले मशीन चाचपून नीट बसविले. त्यांस वाईट वाटले, फार वाटले, आणि ते लपविण्याची कला भट्टीवर शिकवीत नाहीत. शेवटी म्हणाले, "प्रांजली, पुन्हा लाव."

कन्येने एकसष्टाव्या मिनिटावर नेले. बाईसाहेबही म्हणाल्या की, बरोबर आहे, तेवढंच पाहा, चहा टाकते.

"नाई," खाविंद म्हणाले. "पह्यलेपासून."

येणेप्रमाणे वैशाख मासी, रविवारी, नऊ मिनिटांचा मुलूख कायमचा सर जाहला. कार्ड एकोणऐंशी अंशांवर कायम, चिमणी शाबूत, पंखा मिस्त्रीस परत. दुसऱ्या पुऱ्या खेळाची हजेरी या बखरनवीसाने बाईसाहेबांच्या सांगण्यावरून मांडून रुजू केली ती येणेप्रमाणे: अरुणकुमार वैरागडे, पहिल्या घंटेपासून, तिसरा अंक संपेतो, हजर.